समुद्राचा धनी कोण?
(आज्ञापत्र, ग्रोशियस आणि खुल्या समुद्राचा नवा करार)

कायद्याच्या लेखनास वाङ्मय म्हणावें कीं नाहीं, हा प्रश्न आपल्याकडे फारसा कोणी विचारीत नाहीं. कायदा वाचावयाचा तो वकिलांनीं आणि भोगावयाचा तो पक्षकारांनीं, अशी आपण सोयीची वांटणी करून टाकलेली आहे. परंतु कांहीं लेख असे असतात कीं, त्यांतील एखाद्या शब्दाच्या निवडीवर लाखों माणसांचें अन्न आणि पृथ्वीच्या जवळजवळ अर्ध्या पृष्ठभागाचें भवितव्य अवलंबून राहतें. अशा लेखाकडे टीकाकारानें पाठ फिरवावी, असें प्रस्तुत लेखकास वाटत नाहीं. ज्याला सामान्यतः 'खुल्या समुद्राचा करार' म्हणतात तो लेख १९ जून २०२३ रोजीं संयुक्त राष्ट्रांत सर्वसंमतीनें मंजूर झाला. साठ राष्ट्रांची मान्यता मिळाल्यावांचून तो अंमलांत यावयाचा नव्हता. ती संख्या सप्टेंबर २०२५ मध्यें भरली आणि १७ जानेवारी २०२६ पासून तो लागू झाला. भारतानें त्यावर २५ सप्टेंबर २०२४ रोजीं सही केलेली आहे. शहात्तर कलमांचा हा लेख मी दोन जुन्या लेखांच्या शेजारीं ठेवून वाचूं इच्छितों. एक ह्यूगो ग्रोशियस या डच पंडिताचें १६०९ सालचें 'मारे लिबेरुम', म्हणजे 'मुक्त समुद्र'. आणि दुसरें रामचंद्रपंत अमात्यांचें 'आज्ञापत्र', विशेषतः त्यांतील आरमाराचें प्रकरण.

घाटमाथ्यावरच्या माणसानें समुद्राविषयीं लिहावें, यांत कोणाला आगाऊपणा वाटेल. सावेडीस बसून समुद्र दिसत नाहीं, हें खरेंच. परंतु नगरवर जो थोडाफार पाऊस पडतो तो अरबी समुद्राचें पाणी घाट ओलांडून येतें तेव्हांच. आणि आमच्या सीनेंतून जें वाहून जातें (हल्लीं त्यांत पाण्यापेक्षां इतर पदार्थच अधिक असतात, तें असो) तें भीमेंत, भीमेंतून कृष्णेंत आणि अखेर बंगालच्या उपसागरांत जातें. इतिहासही आमच्या बाजूनें आहे. ज्या निजामशाहीची राजधानी नगर, म्हणजे आजचें अहिल्यानगर, तिचें बंदर चौल होतें. १५०८ सालीं त्याच चौलपाशीं झालेल्या आरमारी लढाईंत पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेइदा मारला गेला. पुढें १५७०-७१ मध्यें मुर्तझा निजामशहानें पोर्तुगीजांच्या चौलास वेढा घातला आणि तो फसला. तेव्हां समुद्र कोणाचा, या वादांत नगरचें नांव साडेचारशें वर्षांपूर्वींच दाखल झालेलें आहे.

आपल्या वाङ्मयाची मात्र समुद्राशीं ओळख बेताचीच. संतांना तो भवसागर म्हणून हवा होता, तोही तरून जाण्यापुरता. आधुनिक कवींना तो स्वतःच्या अंतःकरणाचा आरसा म्हणून. सावरकरांनीं १९०९ सालीं ब्रायटनच्या किनाऱ्यावर सागराला उद्देशून जी प्रसिद्ध कविता रचिली, तींतही समुद्र आहे तो मातृभूमीच्या विरहाचा साक्षी म्हणून आणि त्या विरहाचें कारण म्हणून. कवितेचा तो दोष मुळींच नव्हे. पण स्वतः समुद्राला कांहीं होऊं शकतें, तो रिता होऊं शकतो, त्याचें पाणी तापूं शकतें, ही कल्पना त्या सबंध परंपरेच्या स्वप्नींही नव्हती. 'रत्नाकर' या नांवांतच अक्षय्यतेचें गृहीत दडलेलें आहे.

गंमत अशी कीं, ग्रोशियसच्या सिद्धान्ताचा पायाही नेमका हाच आहे. त्याचा ग्रंथ कोणत्या परिस्थितींत जन्मला तें थोडें सांगितलें पाहिजे. पोर्तुगालच्या मानुएल राजानें वास्को द गामा परतल्यावर इथिओपिया, अरबस्तान, इराण आणि हिंदुस्थान येथील विजय, नौकानयन आणि व्यापार यांचा स्वामी अशी पदवी धारण केली, आणि सोळाव्या शतकाच्या आरंभापासून त्याच्या अधिकाऱ्यांनीं हिंदी महासागरांत 'कार्ताझ' नांवाचा परवाना सुरू केला. परवाना नसलेलें जहाज दिसलें कीं तें जप्त. दख्खनच्या सुलतानांचीं जहाजें काय किंवा खुद्द मोगलांचीं काय, मक्केच्या वाटेस लागावयाचें तर पोर्तुगीजांचा हा कागद जवळ बाळगल्यावांचून गत्यंतर नसे. ज्या समुद्रावर आमचे, अरबांचे, गुजराथ्यांचे आणि मलायांचे व्यापारी शतकानुशतकें कोणाला न विचारतां ये-जा करीत होते, त्यावर कुंपण घालण्याचा हा पहिला पद्धतशीर उद्योग होय. मद्रास विद्यापीठांत अध्यापन केलेले पोलिश कायदेपंडित अलेक्झांड्रोविच आणि त्यांच्यामागून आपले राम प्रकाश आनंद यांनीं असें प्रतिपादन केलें आहे कीं, समुद्राच्या स्वातंत्र्याची कल्पना युरोपनें जगाला दिली नसून ती या महासागरांतील रूढ आचारावरून युरोपनें उचलली. हें मत सर्वांशीं सिद्ध झालें आहे असें मी म्हणणार नाहीं. पण शाळेपासून आपल्याला जें उलट शिकविलें जातें त्यापेक्षां तें सत्याच्या अधिक जवळ असावें.

असो. १६०३ सालीं सिंगापूरच्या सामुद्रधुनीजवळ डचांनीं 'सान्ता कातारिना' हें पोर्तुगीजांचें मालानें भरलेलें गलबत पकडलें. ही लूट न्याय्य होती असें दाखविण्याचें काम डच ईस्ट इंडिया कंपनीच्या वतीनें तरुण ग्रोशियसकडे आलें, आणि त्यानें एक मोठा ग्रंथ लिहिला. त्यांतील एक प्रकरण तेवढें १६०९ मध्यें लेखकाच्या नांवाशिवाय प्रसिद्ध झालें. बाकीच्या ग्रंथाचें हस्तलिखित १८६४ पर्यंत अज्ञातच होतें. म्हणजे आंतरराष्ट्रीय कायद्याचा हा मूलग्रंथ जन्मतः एक वकिली कैफियत आहे. कैफियत म्हणून ती अप्रतिम आहे. युक्तिवाद साधा, वाक्यें आवेशपूर्ण, आणि रोमन कवींच्या व धर्मशास्त्र्यांच्या आधारांची रेलचेल. ज्याचा ताबा घेतां येत नाहीं त्याची मालकी होऊं शकत नाहीं. आणि ज्याच्या वापरानें दुसऱ्याच्या वापरास कांहीं उणें पडत नाहीं तें सर्वांचें राहिलें पाहिजे. हवा अशी आहे, समुद्र असाच आहे. जावा, सिंहल इत्यादि देशांना त्यांचे स्वतःचे राजे आहेत, मग पोर्तुगीज त्यांचे धनी कसे, असा त्याचा सवालही आपल्या कानाला गोड लागतो.

परंतु या सुंदर इमारतींत एक भेग आहे, आणि ती ग्रंथकारालाच दिसलेली आहे. मासळीच्या बाबतींत मात्र, ती संपूं शकते असें एका अर्थीं म्हणतां येईल, अशी पुसट कबुली तो देतो आणि लगेच पुढें सरकतो. चारशें वर्षांचा अनर्थ या एका पुढें सरकण्यांत भरलेला आहे, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होईल काय? तो जर तेथें क्षणभर थांबता, तर 'वापरानें उणें पडत नाहीं' हें गृहीतच ढासळलें असतें. तो थांबला नाहीं, कारण त्याला समुद्र राखावयाचा नव्हता, अशिलासाठीं उघडावयाचा होता. पुढें १६१३ सालीं लंडनच्या वाटाघाटींत इंग्रजांनीं डचांच्या मक्तेदारीविरुद्ध याच पुस्तकांतील वचनें पुढें केलीं, तेव्हां ती मक्तेदारी सावरून धरण्याचें काम त्याच ग्रोशियसला करावें लागलें. मसाल्यांच्या बेटांतील राजांनीं करार करून दिले आहेत, सबब व्यापाराचें स्वातंत्र्य येथें लागू नाहीं, असें त्याचें म्हणणें पडलें. तात्पर्य, 'मुक्त' हा शब्द वाचतांना तो कोणासाठीं मुक्त, हें विचारण्याची सवय वाचकानें ठेवावी.

आतां आज्ञापत्राकडे वळूं. हें सुमारें १७१५ सालचें लेखन. रामचंद्रपंत वकील नव्हता आणि पंडिती वादाची त्याला हौसही नव्हती. शिवछत्रपतींपासून ताराबाईंपर्यंत राज्याचे सर्व चढउतार पाहिलेला, मोगलाईच्या वणव्यांत राज्य सांभाळलेला तो कारभारी होता. समुद्राविषयींचा त्याचा सिद्धान्त ग्रोशियसच्या नेमका उलट आहे. ज्याच्यापाशीं नौकांचें बळ, समुद्रावर सत्ता त्याची, या आशयाचें त्याचें म्हणणें आहे. जमिनीवर घोडदळाचें जें महत्त्व तेंच पाण्यावर आरमाराचें. यांत कोठेंही सर्वांच्या हक्काचा देखावा नाहीं. टोपीकर व्यापाऱ्याच्या वेषांत राज्य घ्यावयास येतात, त्यांना समुद्रकिनाऱ्याला जागा देऊं नये, हा त्याचा इशारा तर आपल्या इतिहासानें अक्षरशः खरा ठरविला. आणि आंग्र्यांचें दस्तक हें पोर्तुगीज कार्ताझचेंच देशी भावंड होतें, हें मान्य करतांना आपल्या अभिमानाला जड जातें, तरी तें मान्य केलें पाहिजे. कान्होजीला चांचा म्हणणारे इंग्रज ढोंगी होते, यानें कार्ताझ आणि दस्तक यांमधील साम्य नाहींसें होत नाहीं.

मग आज्ञापत्राचें मोठेपण कशांत? तें त्याच्या वाक्यरचनेंत आहे. सत्तेच्या प्रत्येक वाक्यामागून त्यांत मर्यादेचें वाक्य येतें. आरमार बाळगावें, पण त्याचा खर्च बंदरांच्या उत्पन्नावर टाकूं नये, कारण मग सावकारांस उपद्रव होतो आणि बंदरें मोडतात. परमुलखींचें जहाज कौलावांचून आलें तरी त्यावर एकाएकीं तुटून पडूं नये. दिलासा देऊन, जकात घेऊन, त्याला पुन्हा येण्यास उत्तेजन द्यावें. आणि लांकडाविषयींचें तें विख्यात स्थळ! गलबतांना लांकूड लागतें म्हणून रयतेच्या आंबा-फणसांना हात लावूं नये. तीं झाडें लोकांनीं पोटच्या लेकरांप्रमाणें वाढविलेलीं असतात. एखादें जीर्ण झालें असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावें. आरमारासाठीं झाडें तोडणारा अधिकारी आणि झाडाखालीं बसलेली म्हातारी, दोघेंही लेखकाच्या डोळ्यांपुढें एकाच वेळीं उभीं आहेत. मोठ्या गद्याची हीच खूण होय. त्या प्रकरणांत मासळी राखण्याचा किंवा प्रवाळाचा विचार नाहीं, आणि तो असावा अशी अपेक्षा करणेंही अन्यायाचें होईल. तथापि उपभोग घेणाऱ्यानें कोणाला जाब द्यावयाचा, हें त्यांत स्पष्ट आहे. आज्ञा कोणी केली, कोणास केली आणि ती मोडल्यास रडणार कोण, या तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें तेथें सांपडतात.

नव्या करारांत हींच उत्तरें शोधीत गेलें असतां वाचकाची दमछाक होते. मधली कथा थोडक्यांत अशी. १ नोव्हेंबर १९६७ रोजीं माल्टा या चिमुकल्या बेटाचे प्रतिनिधि आर्विद पार्दो यांनीं संयुक्त राष्ट्रांपुढें दीर्घ भाषण करून, राष्ट्रांच्या हद्दीपलीकडील समुद्रतळ हा मानवजातीचा सामायिक वारसा मानावा, असें सुचविलें. १९८२ सालीं जमैकांतील माँटेगो बे येथें समुद्रविषयक महासंहितेवर सह्या झाल्या. ती १९९४ मध्यें अंमलांत आली आणि १९९५ मध्यें भारतानें तिला मान्यता दिली. किनाऱ्यापासून बारा सागरी मैल, म्हणजे सुमारें बावीस किलोमीटर, राष्ट्राचें प्रादेशिक पाणी. दोनशें मैलांपर्यंत त्याच्या आर्थिक हक्काचा पट्टा. त्यापलीकडे खुला समुद्र, तो एकूण महासागराचा सुमारें दोन तृतीयांश. या अफाट भागांत अभयारण्यें नेमण्याची एकत्र व्यवस्था नव्हती. ती २०२३ च्या करारानें आणली. शिवाय मोठ्या उद्योगांआधीं पर्यावरणावरील परिणामांची तपासणी, समुद्री जीवांच्या आनुवंशिक द्रव्यापासून होणाऱ्या लाभाची वांटणी आणि गरीब राष्ट्रांना ज्ञान व साधनें पुरविणें, हेही विषय त्यांत आहेत.

या लेखाचें सर्वांत महत्त्वाचें आणि सर्वांत दुबळें स्थळ माझ्या मतें सातवें कलम होय. त्यांत मार्गदर्शक तत्त्वें दिलीं आहेत. मानवजातीचा सामायिक वारसा हें एक तत्त्व. आणि लगेच त्याच्या पुढच्याच पोटकलमांत संशोधनासह खुल्या समुद्रावरील स्वातंत्र्यें हें दुसरें! पार्दो आणि ग्रोशियस यांना एकाच बांकावर बसविलें आहे, आणि दोघांनीं आपसांत काय तें ठरवावें असें म्हणून लेखक बाहेर निघून गेला आहे. गरीब राष्ट्रांनीं पहिलें तत्त्व लावून धरलें, श्रीमंतांनीं दुसरें, आणि तडजोड म्हणून दोन्ही ठेवलीं. मुत्सद्देगिरीच्या दृष्टीनें हें यश असेल. पण कराराचा अर्थ लावणाऱ्या पुढील पिढीच्या डोक्यावर हें भांडण जसेंच्या तसें ठेवून दिलेलें आहे. 'योग्य असेल तेथें', 'शक्य असेल तितकें' यांसारखे शब्द तर जागोजागीं पेरलेले आहेत. वाक्यांत कर्ता असतो, पण तो इतका व्यापक असतो कीं त्याला हाक मारली तर कोण वळून पाहील हें कळूं नये. आधीं अस्तित्वांत असलेल्या मासेमारीच्या वगैरे संस्थांच्या अधिकारास बाध येऊं देऊं नये, असेंही बंधन त्यांत आहे. म्हणजे ज्यांच्या देखत मासे संपले त्या संस्थांच्या अंगणाबाहेर उभें राहूनच नव्या मंडळीनें बोलावयाचें.

एवढें म्हटल्यावर न्यायासाठीं दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अभयारण्याच्या निर्णयास प्रथम एकमत पाहावें, तें न झाल्यास तीनचतुर्थांश मतांनीं निर्णय व्हावा, ही तरतूद खरोखर धाडसाची आहे. अंटार्क्टिकाभोवतींच्या समुद्राच्या आयोगांत एकमतावांचून पान हलत नाहीं. तेथें रॉस समुद्राचें अभयारण्य २०१६ मध्यें कसेंबसें झालें, परंतु पूर्व अंटार्क्टिकाचा प्रस्ताव वर्षानुवर्षें अडून राहिला. नव्या करारांत एका हट्टी राष्ट्राला सर्वांची वाट अडवितां येणार नाहीं. कारणें देऊन स्वतःपुरतें बाहेर राहण्याची मोकळीक मात्र त्याला आहे, आणि तिचा उपयोग कितीजण करतात यावर बरेंच अवलंबून राहील.

समुद्रतळाच्या खनिजांचा कारभार वेगळ्या प्राधिकरणाकडे आहे, म्हणून त्याविषयीं दोनच शब्द. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या 'गवेषणी' जहाजानें जानेवारी १९८१ मध्यें हिंदी महासागराच्या तळावरून धातूंचे गोळे वर काढले. आज त्या महासागराच्या मध्यभागीं ७५,००० चौरस किलोमीटरांवर त्यांच्या शोधाचा करार आपल्या देशाकडे आहे. तेव्हां 'सामायिक वारसा' म्हणतांना आपणही मंथनाच्या दोरीला हात घालून उभे आहों. पुराणांतल्या मंथनांत रत्नांपूर्वीं हलाहल वर आलें होतें. तें पिणारा कोण, हें देवदानवांनीं आधीं ठरविलें नव्हतें, आणि आम्हींही ठरविलेलें नाहीं.

खरी कसोटी मात्र आपल्याच किनाऱ्यावर आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालचें २९.१२२ चौरस किलोमीटर पाणी १३ एप्रिल १९८७ रोजीं मालवण सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झालें. प्रवाळाचें महत्त्व ओळखणारा हा निर्णय स्तुत्य होता. पण मालवणच्या मच्छीमारांनीं त्याला विरोध केला. शहरांतील सुशिक्षित वाचकाला हा विरोध अडाणीपणाचा वाटतो. त्यानें रापण पाहिलेली नसते. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढावयाचें लांबलचक जाळें: होडीनें तें अर्धवर्तुळांत टाकावयाचें आणि दोन्ही टोकांनीं माणसांनीं वाळूवर उभें राहून ओढावयाचें, आलेल्या मासळींत ओढणाऱ्याचा वाटा ठरलेला. जें आपोआप किनाऱ्याजवळ येईल तेवढेंच हें जाळें घेतें. त्याच्या समोर आलें पर्ससीन, जें यंत्राच्या बळावर थवाच्या थवा कोंडून तळाशीं पिशवीसारखें आवळतें; आणि मग रात्रीं प्रखर दिवे लावून मासळीला भुलविण्याची युक्ति. फेब्रुवारी २०१६ मध्यें राज्य सरकारनें पर्ससीनवर निर्बंध घातले, आणि नोव्हेंबर २०१७ मध्यें केंद्रानें आर्थिक पट्ट्यांत दिव्यांच्या मासेमारीस बंदी केली. तरी दिवे दिसतात, अशी तक्रार किनाऱ्यावर अजून चालूच आहे. ज्याला पावसाळ्यांत जून-जुलै होडी ओढून ठेवावी लागते, ज्याच्या डोळ्यांदेखत रात्रीं क्षितिज उजळतें, त्याला उद्यां 'हें पाणी आतां जगाच्या ठेव्याचें, तूं बाजूला हो' असें सांगितलें तर त्यानें तें कोणत्या विश्वासावर ऐकावें? आंब्याचें झाड तोडण्यापूर्वीं धन्याला राजी करा, असें सांगणारा अमात्य येथें हवा होता.

याहून विलक्षण उदाहरण आंग्रिया बँकेचें. विजयदुर्गच्या पश्चिमेस सुमारें १०५ किलोमीटरांवर पाण्याखालीं बुडालेला हा प्रवाळाचा पठार आहे. उत्तर-दक्षिण लांबी सुमारें चाळीस किलोमीटर, आणि उथळांत उथळ ठिकाणीं वीस मीटर पाणी. नांव कान्होजी आंग्र्यांचें. आतां याचा रक्षक कोण? राज्याच्या अभयारण्यांचा वन्यजीव कायदा प्रादेशिक पाण्यापर्यंत, म्हणजे बावीस किलोमीटरांवर थांबतो. खुल्या समुद्राचा करार दोनशें मैलांपलीकडे, म्हणजे सुमारें ३७० किलोमीटरांवर सुरू होतो. आंग्रिया बँक या दोहोंच्या मधल्या पट्ट्यांत आहे. १९७६ च्या सागरी हद्दींच्या कायद्यान्वयें अशा जागीं विशिष्ट क्षेत्र नेमून पर्यावरणरक्षणाची व्यवस्था करण्याचा अधिकार केंद्र सरकारला आहे. म्हणजे साधन नाहीं असें नव्हे. जगाच्या टोकाचा समुद्र राखण्याच्या लेखावर सही करणाऱ्या देशानें हें साधन घरच्या प्रवाळावर वापरावें, ही अपेक्षा कोणी भाबडी म्हणूं नये.

सामायिक वस्तु राखतां येते, याचा पुरावा आमच्या नगर तालुक्यांतच आहे. हिवरे बाजारनें १९८९ नंतर चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी केली, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढें मांडून पिकें ठरविलीं, आणि उजाड डोंगर हिरवे केले. म्हणून महासागरासाठीं एक मोठी ग्रामसभा भरवावी, असें सुचविण्याचा मोह होतो. पण उपमेची ओढाताण करूं नये. गांवची गायरान जमीन जागच्या जागीं असते, बांगड्याचा थवा नसतो. आणि हिवरे बाजारांत नियम मोडणाऱ्याचें तोंड दुसऱ्या दिवशीं सर्वांना दिसतें, भर समुद्रांत जहाजावर झेंडा एका देशाचा, मालक दुसऱ्याचा आणि खलाशी तिसऱ्याचे असतात. उपमेंतून एवढेंच घ्यावें कीं, नियम ज्यांच्या भाषेंत बोलला गेला त्यांनीं तो पाळला.

आणि येथेंच माझा शेवटचा आक्षेप येतो. हा करार संयुक्त राष्ट्रांच्या सहा भाषांत अधिकृत आहे. त्यांत एकही भारतीय भाषा नाहीं. याचें चांगलें मराठी भाषान्तर व्हावयास हवें, आणि तें केवळ परिभाषाकोश उघडून होणार नाहीं. तरांडें, कौल, दस्तक, जकात हे शब्द ज्या गद्यांत सहज वावरले तें गद्य भाषान्तरकारानें आधीं मुरवून घ्यावें लागेल. पहिली अडचण सातव्या कलमावरच येईल. 'सामायिक वारसा' हा शब्द आतां रुळला आहे व मीही वर तोच वापरला. परंतु वारसा खर्चून टाकण्याचा वारसाला हक्क असतो, म्हणून माझें मत 'ठेव' या शब्दाकडे झुकतें. मालवणच्या एखाद्या रापणकरानें त्याऐवजीं 'वाटा' हा शब्द सुचविला, तर मात्र मला पुन्हा विचार करावा लागेल.